चेंडूला बाईचा हात

लढाई संपली आणि आमचे हे लांब रजेवर घरी आले. ट्रंकेत सासूबाईंना शाल, मला एक लुगडं आणि तळाशी हवा काढलेला कातडी चेंडू. लुगडं केव्हाच विरलं. चेंडूनं दिलेला ताप अजून आठवतो.

पलटणीत व्हॉलीबॉल खेळून आलेला माणूस, घरी गप्प बसतोय कशाला! गावाबाहेरच्या रिकाम्या खळ्यावर ह्यांनी दोन बांबू रोवले, मध्ये जाळी ताणली, राखेनं रेघा मारल्या. जाळीच्या दोन्ही अंगांना तीन-तीन गडी आणि तीन-तीन बायका. बायका म्हणजे गावच्या लेकी. त्यांना नावं कोण ठेवणार? गावची लेक ही गावातल्या सगळ्या गड्यांची बहीण. सुनांनी मात्र डोक्यावरचा पदर सांभाळावा आणि पाणी भरावं. मी सून.

विहिरीची वाट खळ्यावरूनच जायची. हंडा कमरेवर घेऊन मी बाभळीखाली उभी राहायची आणि ह्यांचे नियम ऐकायची.

"जाळीला शिवायचं न्हाई. चेंडू धरायचा न्हाई, नुसता टोलवायचा. एकानं लागोपाठ दोनदा मारायचा न्हाई. तीन हातांत चेंडू पल्याड गेला पायजे, आन् त्यातला एक हात बाईचा!"

हा शेवटचा नियम ह्यांनीच घातलेला. नाहीतर गडीच मारत सुटतात आणि पोरी खांबासारख्या उभ्या राहतात म्हणे. मोठे न्यायाधीश! पण ह्यांच्या बाजूला तो बाईचा हात दर खेपेला एकीचाच. पाटलाची थोरली लेक साताऱ्याला शिकायला होती, ती सुट्टीत आलेली. हे चेंडू अलगद वर उडवायचे, "घे!" म्हणायचे, आणि ती उडी मारून पल्याड हाणायची. मग ह्यांचं सुरू, "वा गं वाघिणी!" मला लग्न झाल्यापासून 'भाकरी बरी झाली' ह्यापलीकडं शब्द मिळाला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. बहीण म्हणे! असेल बहीण, मला काय त्याचं? घरी गेले की सासूबाई दारातच, "पाणी आणाय गेलीस का हीर खणाय?"

मला एवढंच हवं होतं: रजा संपायच्या आत एकदा तिच्या जागी उभं राहायचं. ह्यांनी चेंडू उडवावा आणि "घे" मला म्हणावं.

त्यातच माझ्या माहेरची, पाटणकडची जत्रा आली. माझा भाऊही पलटणीतलाच, त्यानं तिथं खेळ चालू केलेला. त्यानं आमच्या गावाला सामन्याला बोलावलं. बैलगाड्या जुंपल्या, पाटलाची लेकही निघाली. पोचतो तर भावाच्या बाजूची तिसरी खेळणारी बाई तापानं आजारी. तो मला म्हणाला, "तू ये की गं. हितं कुणाची चोरी?"

खरंच की! माहेरात मी लेक. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, कासोटा आवळला आणि आत उतरले. आत उतरले, पण समोर बघते तर काय, जाळीपलीकडं हे आणि ह्यांच्या शेजारी ती.

माझ्या माहेरच्या माणसांची तऱ्हा तर विचारूच नका. जावयाच्या अंगावर चेंडू मारायचा कसा? सगळे ह्यांच्या हातात प्रसाद ठेवल्यासारखा चेंडू देत होते. हे तो उडवत होते, ती हाणत होती आणि आम्ही हरत होतो. ती हसत होती. मेली हसते काय!

भावानं चेंडू वर उडवला. मी जाळीला न शिवता उडी घेतली आणि दोघांच्या मधोमध असा हाणला, की हे धावले, तीही धावली, आणि दोघं एकमेकांवर आपटून धुळीत बसली. कडेचे म्हातारे ओरडले, "अगं, जावई हाय त्यो!" मी म्हटलं, "मला ठावं हाय कोण हाय त्यो!" पुढचेही मी तसेच हाणले. सामना आम्ही जिंकलो.

संध्याकाळी मी ह्यांना जेवायला वाढत होते. आई चुलीपाशी होती. हे हळूच म्हणाले, "एवढं कवा शिकलीस गं?"

"तुमी शिकवलं तवा."

"मी? तुला?"

"तिला शिकवत हुता. मी हंडा घेऊन हुबी हुते."

ह्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "वाघीण हायस. रजा संपायच्या आत एकदा माझ्या बाजूनं खेळ की."

हाच शब्द ऐकायला मी रोज बाभळीखाली उभी राहत होते. रडूच आलं मला.

"कुठं खेळू? तुमच्या गावात मी सून, आन् माझ्या गावात तुमी जावई."

मी ह्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.