तिसऱ्या रांगेतली पाचवी कबर

निवृत्तीनंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मी कायद्याच्या वर्गात नाव घातले. कारण विचारणाऱ्यांना मी काहीबाही सांगत असे. खरे कारण असे की घरात माझ्याशी बोलणारे कोणी उरले नव्हते, आणि वर्गात निदान कोणीतरी बोलत असते. बेलापूरहून सकाळच्या गाडीने नगरला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि शंका असली तरी विचारायची नाही, असा माझा क्रम होता. मुले मला ‘सर’ म्हणत आणि माझ्या शेजारी बसत नसत.

त्या वर्षी करार कायद्यात एक असे प्रकरण आले, ज्यात करारच नव्हता. दुसऱ्याने आपल्यासाठी काही केले, ते दान म्हणून केले नव्हते आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. चुकून हाती आलेली वस्तूही परत करावी. “देणाऱ्याची चूक घेणाऱ्याला मालक करत नाही,” असे आमच्या प्राध्यापिका म्हणाल्या. मी ते वहीत उतरवले, आणि लिहिता लिहिताच मला आईची कबर आठवली.

आमच्या गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात बहुतेक कबरींवर नावे नाहीत. मातीचा उंचवटा, फार तर कडेने विटा. आपले माणूस ओळखायचे ते फाटकापासून मोजून: अमकी रांग, तमकी कबर. ईस्टरच्या आदल्या शनिवारी घरोघरचे लोक येऊन कबरींना चुना देतात. आई गेली त्या वर्षी मीही गेलो होतो, पण आत कुटुंबेच्या कुटुंबे पाहून फाटकातूनच परतलो. पुढे ईस्टर उलटल्यावर, कोणी नसताना, जात राहिलो. चार वर्षांपासून आईची कबर मला पांढरीशुभ्र दिसू लागली होती. कडेला नव्या विटा, डोक्याशी लोखंडी क्रूस, पायाशी सदाफुली. चर्चच्या मंडळीच्या पंचांनी केले असेल, असे मी धरून चाललो. विचारणे माझ्या स्वभावात नाही. शिवाय आईची आठवण आणखी कोणीतरी ठेवते आहे, हे मला हवे होते.

वर्गातल्या त्या दिवसानंतरच्या ईस्टरला मात्र मी आदल्या शनिवारीच गेलो.

आईच्या कबरीशी पन्नाशीची एक बाई बसली होती. शिर्डीला हारफुलांच्या दुकानात कामाला असल्याचे तिने नंतर न विचारताच सांगितले. चुन्यात कुंचा बुडवत ती कबरीशी बोलत होती. “नातीला दात आलाय, बाबा. लई चावती.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “गुरुजी दिसताय. तुमचं कोन हाय हितं?”

“आई.”

“मंग हुबं काय? आईला चुना कोन लावनार, सरकार?”

मी हसल्यासारखे केले. “हे तुमचे वडील?”

“व्हय. फाटकापासून तिसरी रांग, डाव्या हातानं पाचवी. मातीला आलते तवा मोजून ठिवलं हुतं. मंग आमच्या मालकांच्या दुखन्यात लई वर्सं येनं झालं न्हाई. आता चार वर्सं, एक ईस्टर चुकवला न्हाई.”

तिने मोजले होते बरोबर. पण मधल्या काळात रस्ता रुंद झाला आणि फाटक उत्तरेकडून दक्षिणेकडे हलवले गेले. तिचे वडील पलीकडच्या टोकाच्या तिसऱ्या रांगेत असणार. मला सांगता आले असते. त्याऐवजी मी तिच्याकडे उरलेला चुना मागितला.

“घ्या की. पर शर्टाला लावून घिऊ नका, घरी बोलनी खाल.”

घरी कोणी नाही, हे मी बोललो नाही.

जुन्या फाटकाचा एक दगडी खांब अजून उभा आहे. तिथून मोजले. पाचवी कबर खचलेली होती, वर गाजरगवत माजले होते. ते उपटून मी चुना दिला. तिने माझ्या आईचे केले, मी तिच्या वडिलांचे करतो आहे, दरवर्षी करीन. मग बोलण्याची गरज काय, असा युक्तिवाद मी मनाशी मांडत होतो. त्यात मला उणे सापडेना.

मागे पाहिले तर ती अजून बोलत होती. चुन्याची फेड चुन्याने झाली होती. पण चार वर्षे ती बापाला जे सांगत आली, ते माझ्या आईपाशी साचले होते, आणि ते मला सोडवत नव्हते. आईजवळ बसून असे बोलणारे दुसरे कोणी येणार नव्हते. मी स्वतः तिथे कधी तोंड उघडले नव्हते.

पण ते चुकून माझ्याकडे आले होते. मी परत गेलो आणि सांगितले. रस्ता, फाटक, खांब, असे फार लांबवून सांगितले. माझे संपण्याआधीच तिला कळले.

“म्हंजी चार वर्सं मी तुमच्या आईला गाऱ्हानी सांगती व्हय?”

“हो.”

“अन् तुमाला आज कळलं?”

“आजच. पण कबर दरवर्षी रंगवलेली दिसायची. मी कोणाला विचारलं नाही.”

“इचारायचं की, गुरुजी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

क्रूस मी उपटून तिच्या हाती दिला. विटा आणि सदाफुली राहू द्या, म्हणाली, “आईच्या भवतीचं कशाला काडू?” त्यांची भरपाई मी द्यायला हवी, असे काहीसे मी पुटपुटलो. तिला ऐकू गेले नसावे. पलीकडे जाऊन तिने क्रूस रोवला आणि कबरीशी बसली. मग तिचे ओठ हलू लागले. इतक्या दुरून शब्द येत नव्हते.

या वर्षीही ती आली होती. तिकडूनच तिने हात केला, मीही केला. आईच्या कबरीला मी पहिल्यांदाच चुना दिला आणि बाजूला बसलो. काही बोलावे, असे ठरवून गेलो होतो. पाऊण तास झाला असेल. मग शेजारच्या कुटुंबाला फोटोसाठी जागा हवी होती, त्यांनी अदबीने सांगितले, तेव्हा उठलो.