ठमीची जागा

भाविकाला मी पहिल्यांदा पाहिलं ते भाऊच्या धक्क्यावर, रेवसच्या लाँचपाशी. पिवळी टोपी, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला छोटा स्पीकर आणि तोंडभर हसू. मुंबईच्या माणसांना एका दिवसात खाडीपलीकडचे बाजार दाखवून आणायचे, हा तिचा व्यवसाय. रेवसला उतरायचं, मासळीचा लिलाव बघायचा, मग मिनीडोअर रिक्षात गुडघ्याला गुडघे लावून माणखारचा आठवडी बाजार गाठायचा. दुपारी कुणाच्या तरी पडवीत तांदळाची भाकरी आणि संध्याकाळच्या लाँचने परत. नाटकं सुटल्यापासून माझे दिवस फार लांबले होते. भाचीने परस्पर माझं नाव घातलं आणि मी गेले.

तो मुलूख मला परका नव्हता. आमच्या कंपनीचे प्रयोग मिठागरांच्या कडेला कनाती बांधून व्हायचे. खाऱ्या वाऱ्याने तोंडावरचा रंग पोपडे धरायचा, तरी पुढच्या रांगेतल्या बायका रडायच्या ठिकाणी मनापासून रडायच्या. तसे प्रेक्षक पुन्हा भेटले नाहीत.

माणखारच्या बाजारात सुक्या मासळीची ओळ जुन्या भातगिरणीच्या भिंतीला लागून बसते. दुपारपर्यंत भिंतीची सावली असते, मग ऊन. भाविका आम्हाला सांगत होती, हा जवळा, हे सोडे, ही वाकटी. ओळीच्या मधोमध एक ठसठशीत बाई बसली होती, कपाळभर कुंकू, पुढ्यात सुकटीची पाटी.

"या मडम," ती भाविकाला म्हणाली, "आज पाव्हनं लई आनलंत?"

"मावशी, यांना सोडे दाखवा ना."

"सोडं काय बघाचं असतं? सोडं खायाचं असतं. बघायला आमी हाव की!"

सगळे हसले. मी हसले नाही. जन्म रंगमंचावर गेला माझा. दोन माणसं एकमेकांना ओळखत नसल्याचं सोंग करत असली की मला लगेच कळतं. अनोळखी माणूस बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. या दोघी एकमेकींकडे एकदाही बघत नव्हत्या.

परतीच्या लाँचवर मी तिला हळूच विचारलं, "ती सोडेवाली तुझी कोण गं?"

ती दचकली. मग म्हणाली, "आई. पण कुणाला बोलू नका हं मावशी. तिलाच नको असतं."

त्या माउलीचं नाव ठमी. नवरा मिठागरावर राबून राबून लवकर गेला. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, आठवडा आठवडा घरी नसायचा. सुकट विकून ठमीने भाविकाला पनवेलच्या कॉलेजात घातलं. तिथे वर्गातल्या मुली तिच्या दप्तराचा वास घेऊन नाकं मुरडायच्या. हे एकदा भाविका घरी बोलून गेली. त्या दिवसापासून ठमीने लेकीची पुस्तकं शेजारच्या घरी ठेवायला सुरुवात केली. पुढे भाविकाने हे सहलीचं काम काढलं, तेव्हा आईला आधी खरंच वाटेना. "लोक बाजार बघायला येतात? इकत घेत नायत, नुस्ते बघतात? मंग मी रोज बसून बघते ती काय येडी?" हसून झाल्यावर तिने एकच अट घातली. बाजारात आई म्हणून हाक मारायची नाही. "मडमची आयस सुकट इकते म्हटलं, तं लोक बाजार सोडून तुझ्याकडं बघतील."

मला दोघींचं ते नाटक फार आवडलं. मी ते बघायला पुन्हा पुन्हा जाऊ लागले.

ठमीची खरी दौलत म्हणजे तिची आरोळी. "सुकाट घ्या गोऽऽ, जवला घ्या, सोडं हायत गो बाय!" बाकीच्या बायकांची आरोळी लांबत लांबत विरून जायची. ठमीची तशी नव्हती. खालून उचलायची, वर न्यायची आणि ऐन वर असताना दोरा तोडावा तशी तोडायची. मग तेवढ्यापुरता सगळा बाजार गप्प झाल्यासारखा वाटायचा. असा आवाज आमच्या कंपनीत असता तर राणीच्या भूमिका मला मिळाल्याच नसत्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ठमी वारली. ताप आला, अंग दुखतंय म्हणाली आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गेली. पाटी भरून ठेवलेली होती. भरलेली पाटी घरात ठेवत नाहीत, म्हणून ओळीतल्या बायकांनी ती बाजारात नेऊन विकली आणि रिकामी पाटी तिच्या जागेवर पालथी घातली. ती माणखारची रीत आहे. ओळीतली बाई गेली की तिच्या जागेवर वर्षभर कुणी बसत नाही. दोन्ही बाजूच्या शेजारणी दर बाजाराला, पहिलं गिऱ्हाईक होण्याआधी, मूठभर सुकट त्या पालथ्या पाटीखाली सारतात. वर्ष भरलं की घरचं कुणी येऊन बसतं. नाही बसलं तर ओळ सरकते, जागा मिटते.

ठमीच्या उजव्या हाताला बसायच्या वेणूबाई. फार म्हाताऱ्या, डोळे पार गेलेले, पण बोटांनी सुकटीतला कचरा वेचायच्या. डावीकडे कोकिळाबाई, तोंडाने फटकळ आणि ओळीची कारभारीण.

आई गेल्यावर भाविका पहिल्यांदा माणसं घेऊन आली, त्या दिवशी मी होते. बाजारात आमची पांगापांग झाली. स्पीकर बंद पडला होता. आम्हाला गोळा करायला तिने तोंड उघडलं, "सगळ्यांनी इकडे या," असं म्हणायला. आणि तिच्या गळ्यातून आरोळी निघाली. सुकाट घ्या गोऽऽ. खालून उचललेली, वर नेलेली, वरच तोडलेली.

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. गिरणीच्या भिंतीपाशी वेणूबाई आपलं बूड उचलून बाजूला सरकल्या आणि पालथ्या पाटीकडे तोंड करून म्हणाल्या, "आलीस काय गो ठमे? बस. उशीर केलास."

आमच्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं.

त्यानंतर दर बाजाराला तेच. वेणूबाई कान लावून बसायच्या. आरोळी उठली की सरकायच्या, मग दिवसभर त्या पाटीशी बोलायच्या. सुनेचं गाऱ्हाणं, गुडघ्याचं दुखणं, कुठल्याशा लग्नातलं मटण. मधे थांबायच्या, ऐकायच्या, मान हलवायच्या. मी एकदा जवळ बसून म्हटलं, "वेणूबाई, ठमी तर गेली ना?"

"मना सांगतंस? शेवटचं न्हाऊ मीच घातलंय तिला. मेली म्हनून काय बाजार चुकवंल ती?"

लाँचवर मी भाविकाला म्हटलं, "अगं, तू ती आरोळी बंद कर बाई. म्हातारीला नादी लावलंयस."

"मी काढत नाही मावशी." तिचे डोळे पाण्याकडे होते. "मी तोंड उघडते आणि ती येते. आता घरीसुद्धा येते. परवा दूधवाल्याला हाक मारली तर आईच बोलली."

मला आमच्या कंपनीतला सदा आठवला. वर्षानुवर्षं राजा झाला होता. निवृत्त झाल्यावरही घरात शिरताना उंबऱ्यावर थांबायचा, कुणीतरी ललकारी देईल म्हणून. बायको आतून ओरडायची, "या, राजे, दळण आणा." आम्ही हसायचो. पण अंगात शिरलेलं माणूस बाहेर काढायची विद्या आम्हाला कुणी शिकवली नव्हती, आणि मी भाविकाला ती कुठून देणार?

वर्ष भरलं त्या बाजाराला मी मुद्दाम गेले. लाँचवर ती रोजच्यासारखं बोलत होती, करंजा बंदर दाखवत होती, गटातल्या रुचिका नावाच्या ठाण्याच्या मुलीशी हसत होती. रुचिका म्हणत होती, "ते आवाजवालं करणार ना? मी रील बघूनच आलेय." मग भाविका माझ्यापाशी येऊन बसली.

"आज काय ठरवलंस?" मी विचारलं.

"आज बसले नाही तर ओळ सरकवणार. आईची जागाच राहणार नाही." ती टोपी हातात फिरवत होती. "पण मावशी, तिथे बसले आणि तिचाच आवाज आला, तर मी उरत नाही. आणि नाही आला, तर ती उरत नाही."

रेवस आलं तशी तिने टोपी डोक्यावर घातली.

बाजारात पोचलो तेव्हा कोकिळाबाई उभ्याच होत्या. "भाविके, आज वरीस झालं. बसतंस तं बस. नाय तं ऊन चढायच्या आत ओळ सरकवते. भिंतीला जागा नाय म्हनून गटाराकडं बसनाऱ्या पोरी आख्खा पावसाला भिजल्यात, त्यांना अजून किती दिस थांबवू?"

"सरकवायचं तं माझ्या अंगावरून सरकवा," वेणूबाई म्हणाल्या. "ठमी यायची हाय अजून."

"म्हातारे, तू गप."

"तू गप. तुझं लगीन मीच जमवलंय."

"त्याचंच तं भोगते हाय!"

ओळ हसली, भाविका नाही. तिने खांद्यावरचा स्पीकर माझ्या हातात दिला, गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं आणि जाऊन ती पालथी पाटी सुलटी केली. खाली मांजरांनी उष्टावलेली सुकट होती. ती तिने बाजूला केली आणि मांडी घालून बसली. आमच्या गटात कुजबुज सुरू झाली. रुचिकाने मोबाइल वर धरला.

"रिकामी पाटी मांडत नायत गो," कोकिळाबाई पुटपुटल्या आणि आपल्या ढिगातली सुकट ओंजळीने तिच्या पाटीत टाकली. पलीकडच्या बायकांनीही टाकली, एकीने जवळा, एकीने बोंबील. वेणूबाई तेवढ्या हलल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या.

"आता वरड," कोकिळाबाई म्हणाल्या.

भाविकाने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. तिच्या गळ्याची शीर मला लांबून दिसत होती. पहिल्या प्रयोगाला विंगेत उभी असलेली पोर अशीच दिसते. मग आवाज आला, पातळ, शहरी, नीटस. "सुकट घ्या. ताजी सुकट आहे."

"मडम," समोरून जाणारं एक गिऱ्हाईक थांबून म्हणालं, "सुकट ताजी कशी असंल?"

खसखस पिकली. कोकिळाबाई ओरडल्या, "तुला पोट नाय काय गो? पोटातनं काढ!"

भाविकाने डोळे मिटले. मी मनातल्या मनात तिच्यासाठी श्वास घेतला. आणि आली आरोळी. फाटकी, वर जाऊन चिरलेली, शेवटाला थरथरत लांबलेली. त्यात ठमी नव्हती. आधी गाइडचा जो आवाज होता, तोही नव्हता. असा आवाज त्या बाजारात याआधी कुणी ऐकला नव्हता.

रुचिकाचा हात खाली आला.

वेणूबाईंनी मान वळवली. "कोन बसलंय गो तिथं?" त्यांचा स्वर चढला. "ऊठ! ती जागा ठमीची हाय. कोन हाय तू?"

भाविकाने डोळे उघडले. समोर तिची सगळी मुंबईची माणसं उभी होती. "मी भाविका," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "ठमीची मुलगी. आई गेली वेणूआजी. मी बसलेय."

म्हातारीचा हात चाचपत आला. आधी गुडघ्यावर, मग दंडावर, मग तोंडावर फिरला, नाक, कपाळ, ओले गाल. सुकटीच्या वासाची ती बोटं बराच वेळ तिथेच राहिली. आणि मग वेणूबाईंनी जो गळा काढला, तो मी कधी विसरणार नाही. मी रंगमंचावर जन्मभर रडले, पण ते रडणं मला कधी जमलं नाही. शेवटचं न्हाऊ घालताना जे आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. "गेली गोऽऽ, गेली माझी ठमी." कोकिळाबाईंनी तोंडाला पदर लावला. गिऱ्हाइकं हातातल्या पिशव्या घेऊन तशीच उभी राहिली.

हळूहळू हुंदके थांबले. वेणूबाईंनी लुगड्याने नाक पुसलं, खाकरल्या आणि भाविकाला कोपराने ढोसलं.

"सरक."

"कुठे?"

"तिकडं सरक, कोकिळेकडं. आयशीच्या मांडीवर बसायचं वय हाय काय तुझं?"

 भाविका पाटीसकट हातभर सरकली. कोकिळाबाईही सरकल्या. त्यांच्या पलीकडची सरकली, तिच्या पलीकडची सरकली, आणि शेवटची उन्हात गेली, तिने सगळ्यांचा उद्धार केला. गटाराकडच्या पोरींपैकी एक म्हणाली, "आनि आमी?"

"माझ्या म्होरं बसा," कोकिळाबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक जाईल वलसा घालून."

वेणूबाई आणि भाविका यांच्यामध्ये मातीची एक पट्टी मोकळी राहिली, माणूस मांडी घालून बसेल एवढी. बोंबील बघायला आलेल्या एका बाईने तिथे पाय टेकायला उचलला, तर दोन्ही बाजूंनी दोन हात एकदम आडवे आले.