अकरा गाठींची नाडी

"माळ काढा, मावशी."

"हे नाही निघत, बेटा."

एमआरआयच्या दारात आमची हुज्जत चालली होती. फिलोमिना मावशी कन्हानच्या, शाळेतल्या रिटायर्ड बाई. डोक्यात गाठ असल्याचा संशय. एमआरआय म्हणजे भलंमोठं लोहचुंबक, आणि मावशींच्या जपमाळेला लोखंडी क्रूस. मी तिथला टेक्निशियन. बाकी गरीब माणूस, पण त्या दारात लोखंड दिसलं की माझं डोकं सटकतं.

शेवटी माळ काढून त्या दोनदा आत गेल्या आणि दोनदा घाबरून हातातला इमर्जन्सी बल्ब, म्हणजे मशीन थांबवायचा रबरी फुगा, दाबला. डोकं जरा हललं की फोटो पुसट येतो. हृदय अशक्त, म्हणून झोपेचं इंजेक्शनही देता येईना.

"शेवटचा ट्राय," आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं तर सर्जनला काय सांगू? अंदाजाने कापा?"

मी वैतागून मावशींना विचारलं, "एवढं काय आहे त्या माळेत?"

"दहा मण्यांवर दहा नमो मरिया. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना. असे पाच फेरे. मणी बोटाखाली असला का वाटते, माय हात धरून राहिली."

मी उमरेडच्या विणकराचा मुलगा. तुटलेला धागा जोडायला अक्षरओळखीच्या आधी शिकलो. जादा गाऊनची सुती नाडी ओढून काढली, दहा बारीक गाठी मारल्या, एक मोठी, आणि टोकं जोडली.

"हे चालन का?"

"देवाले सूत चालते. तुह्या मशीनले चालते का ते सांग."

"चालते. फक्त ओठ हलवू नका. मनात म्हणा."

काचेपलीकडे कन्सोलवर बसलो. मशीन हातोडे मारल्यासारखं ठोकू लागलं. मावशींचं डोकं तसूभर हललं नाही. फक्त अंगठा गाठीवरून गाठीवर सरकत होता. इतकी वर्षं मी त्या नळीत माणसं घालतोय, एवढं शांत कोणी पाहिलं नव्हतं.

पाचवा फेरा मोठ्या गाठीवर संपला. अंगठा थांबला. स्कॅनची चार मिनिटं बाकी होती. माइकवर बोललो तर त्या दचकणार.

"आता बल्ब दाबतील," मॅडम पुटपुटल्या.

अंगठा हलला. पुन्हा पहिल्या गाठीवर गेला.

फोटो स्वच्छ आले. गाठ होती, पण काठावर, काढता येण्यासारखी. पुढे ती निघालीही.

त्या दिवशी मावशी टेबलावर उठून बसल्या आणि हसल्या. "डोक्यातली एक गाठ पाहायले अकरा गाठी लागल्या बघ."

"पाच फेरे तर झाले होते. मग पुन्हा काहून सुरू केलं?"

"ते तुह्या नावाचं होतं. नाडी बांधताना तुहे हात थरथरत होते. तू माह्यापेक्षा जास्त भेऊन राहिला होता, बेटा."



पेशंटला 'घाबरू नका' म्हणण्याआधी मी आता स्वतःचे हात बघून घेतो.