पंधरा मिनिटं शिळा भाव

कांद्याच्या चाळीतला उग्र वास आला, की मिरजगावची ती दुपार आठवते. पाच वर्षं ठेवायचे म्हणून मी नुकतेच दहा शेअर घेतले होते. मोबाईलवर फुकट दिसणारा भाव पंधरा मिनिटं शिळा असायचा, म्हणून पहिल्या पगारातून पैसे भरून ताजा भाव घ्यायला निघालो होतो. शेजारी सडके कांदे वेचत बसलेल्या चुलतीला तसं सांगितलं. हात न थांबवता ती म्हणाली, "आरं, इकायचंच न्हाई तर भाव कशाला बगतो? आमी चाळीत कांदा भरला की रोज भाव इचारत न्हाई, कांदा सडतोय का ते बगतो." एकदम हलकं वाटलं. मोबाईल खिशात टाकून मीही वेचायला बसलो. ते शेअर अजून आहेत. कंपनीचा अहवाल आला की तेवढा हुंगून बघतो.