दुसऱ्याचं गाऱ्हाणं

साऱ्या डिचोली तालुक्यात माझ्या खोलीसोबत्याइतका चिवट माणूस दुसरा झाला नाही. झाला असेल, तर त्याच्याबरोबर एका खोलीत राहायची पाळी माझ्यावर आली नाही, ही देवाची कृपा. हा मूळचा समुद्रकिनाऱ्यावरच्या हरमलचा. घरच्या दोन खोल्या गोऱ्या पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या. त्या दिवसांत भाषेच्या वादाने आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्येसुद्धा सरहद्द आखली होती : खिडकीकडे मराठीवाले, दाराकडे कोंकणीवाले. हा मधलं टेबल धरून उंडा पाव-भाजी खायचा, मराठीवाल्यांशी हट्टाने कोंकणी बोलायचा आणि कोंकणीवाल्यांशी मराठी. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन त्याला भूक छान लागायची. "कसा आहेस?" असं तो कुणाला विचारत नसे. "जेवलास? झोप लागली?" असं विचारी आणि खरं उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभा राही. एकदा त्याने प्राचार्यांनाच जिन्यात गाठलं. त्यांनी आधी दटावलं, मग कठड्याला टेकून पंधरा मिनिटं मुलीच्या लग्नाची काळजी सांगितली.

पण त्याचं खरं वेड म्हणजे शनिवारचं गाऱ्हाणं. आमच्याकडे देवळात एकजण देवापुढे कुणाचं तरी गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणतात, तेच ह्याने कॉलेजमागच्या फणसाखाली सुरू केलं. जात, भाषा, गरिबी, विषय कुठलाही चालेल. अट एकच : आपलं रडगाणं गायचं नाही, दुसऱ्याचं मांडायचं. आणि रीतसर, त्याच्या गावापासून, नावापासून.

आता माझा पराक्रम. आमच्या वर्गात कारापूरहून एकजण यायचा. बाप बेळगावकडून येऊन खाणीवर ट्रक चालवणारा. वक्तृत्व स्पर्धेत उतरायचंय म्हणाला, तर मी भर कँटीनमध्ये म्हटलं, "घाट्या, तुझी मराठी ट्रकात भर आणि घाटावर उतरवून ये!" खिडकी आणि दार त्या दिवशी पहिल्यांदाच एकत्र हसले. एवढी एकी आपल्या हातून घडली म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवसापासून त्याची जागा रिकामी. पंधरवड्याने कळलं, तो खाणीवर कामाला लागलाय, परीक्षेला बसणार नाही.

सोबत्याने पुढ्यातलं ताट सारलं. "गोरो आयलो तर पावणो, काळो आयलो तर घाटी! बरो न्याय मरे तुमचो. शनवारा ताचें गाराणें तूं घालतलो."

भाषण म्हणजे माझ्या हातचा मळ! छाती काढून उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा! कारापूर गावच्या..." इथवर आलो आणि बसलो अडकून. पुढे नाव हवं. दोन वर्षं त्याच्या मागच्या बाकावर बसलो, पण हजेरी नंबरांनी व्हायची आणि एरवी 'घाटी' पुरायचं. मागून कुणीतरी सवयीने "व्हय म्हाराजा!" म्हणालं. हसलं मात्र कुणी नाही, कारण नाव त्यांनाही येत नव्हतं. येत होतं फक्त सोबत्याला, आणि तो म्हणाला, "वच, ताकाच विचार." म्हणजे, जा, त्यालाच विचार.

सोबत्याच्या सायकलच्या मागे बसून कारापूरला तीन दिवस गेलो. तीनही दिवस दार तोंडावर बंद झालं. सोबती उंबऱ्यावर ठाण मांडून बसे. चौथ्या दिवशी दार उघडून तो मुलगा बाहेर आला, खनिजाच्या धुळीने लालभडक. मी नाव विचारलं.

"बसवंत. दोन वर्सांनी इचारतोयस व्हय?"

"चुकलो रे."

"चुकलास ते खरंच हाय." उंबऱ्यावरच्या सोबत्याकडे एकदा बघून तो मला म्हणाला, "परीक्षेला यीन. तुझं तोंड मातूर नगं दावू."

पहिल्या पेपरला घंटा झाली तरी बसवंतचा पत्ता नाही. सोबती हातातलं पेन खिशात टाकून सायकलवर बसला. मी वर्गात लिहीत होतो कसला, खिडकीतून बघत होतो. अर्ध्या तासाने दार बंद होई, मग कुणालाही आत घेत नसत. ते बंद व्हायच्या बेतात असतानाच सायकल फाटकातून आत आली. बसची वाट बघून कंटाळलेला बसवंत त्याला वाटेतच चालत येताना सापडला होता. मागून उडी टाकून तो आत पळाला. सोबती सायकल लावेपर्यंत दार बंद झालं.

बसवंत पास झाला. माझ्याशी पुढे कधी मोकळेपणाने बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सोबत्याचं वर्ष गेलं. मी हळहळलो तर म्हणाला, "वर्स परत मेळटा रे. तो परत मेळपाचो नासलो." म्हणजे, वर्ष परत मिळतं, तो परत मिळाला नसता.

मला पुढे पुष्कळ वर्षं मिळाली. त्यांतलं एखादं असं कुणाला देऊन टाकायला मात्र माझा हात कधी धजला नाही.