वाळूवर गळ टाकताना

जे मी स्वतः पाहिलेलं नाही त्याबद्दल लिहायला बसलोय, म्हणून आधीच क्षमा मागतो. डोंगरातला ओढा मी पाहिलेला नाही, ट्राउट मासाही नाही. पण आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. बाबा म्हणाले, "काकांबद्दल तूच लिही, आम्हाला कुठे जमतंय." मला जमेल का, हेही नक्की ठाऊक नाही.

काका म्हणजे सख्खे नव्हेत. ते हिमाचलचे. आम्ही कतारमध्ये, दोह्यात राहतो; बाबा इथे एसी दुरुस्त करतात. त्याच कंपनीत काका हेल्पर होते आणि शहराबाहेर बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पमध्ये राहायचे. त्याआधी गावी ते गाइड होते. शहरांतून येणाऱ्या पाहुण्यांना ओढ्यावर न्यायचं, गार पाण्यात गुडघाभर उभं करायचं आणि पिसांची खोटी माशी टाकून ट्राउट पकडायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. मग वरच्या अंगाला रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं. फोडलेल्या डोंगराची माती ओढ्यात आली, मासे गेले, पाहुणे यायचे थांबले आणि काका कतारला आले. मासे आले की ते परत जाणार होते. कॅम्पमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते शहरात अल नस्र भागातल्या आमच्या घरी दुपारी जेवायला यायचे. बोलायचे हिंदीत, मी ते मराठीत लिहितोय. पहिल्याच शुक्रवारी आईने विचारलं, "पकडलेला मासा खाता की विकता?"

"परत सोडतो, वहिनी."

"सोडायचा? मग पकडायचा कशाला?"

"पुन्हा पकडायला."

बाबा हसत सुटले. "आपल्या एसीसारखंच की रे पहाडी! दुरुस्त करायचा आणि पुन्हा बिघडायची वाट बघायची."

ऊन उतरलं की इमारतीमागच्या मोकळ्या जागेत ते मला गळ टाकायला शिकवायचे. काठी त्यांनी गावाहून आणली होती. दोरीच्या टोकाला आकडा नाही, आईच्या लाल लोकरीचा गोंडा. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे फेकायची. मला ते थांबणंच जमायचं नाही. गोंडा माझ्याच पाठीवर येऊन आपटायचा.

"यल्ला, चल, कॉलेजवाले," काका म्हणायचे, "मासा तुझ्या कॉलरमध्ये आहे का?"

समोरच्या किराणा दुकानातला माणूस दारात येऊन ओरडायचा, "भाईजान, काही लागलं का?"

"आज पाणी जरा कमी आहे," काका वाळूकडे बघून गंभीरपणे सांगायचे.

त्याआधी, जेवण झाल्या झाल्या, गावी अजून उजेड असताना ते भावाला व्हिडिओ कॉल लावत. भाऊ ओढ्यात उतरायचा, एखादा दगड उलटायचा आणि त्याची खालची बाजू कॅमेऱ्यापुढे धरायचा. त्या बाजूला बारीक किडे चिकटलेले दिसायला हवेत. ते असले तरच ट्राउट जगतो, पाहुण्यांना नेण्याआधीही काका असाच दगड उलटून बघत. कितीतरी शुक्रवार नुसता चिखल दिसला. काका "इन्शाल्ला" म्हणून फोन खिशात ठेवायचे आणि काठी शोधायला लागायचे.

मग एकदा दगडाच्या पोटाला काहीतरी हललं. काका फोन घेऊन स्वयंपाकघरात धावले. "वहिनी, किडे! किडे झाले!"

"अगंबाई, कुठे?" म्हणत आईने आधी पिठाचा डबा उघडून पाहिला.

काकांनी राजीनामा दिला. गावाजवळच्या मत्स्यबीज केंद्राने ओढ्यात ट्राउटची पिल्लं सोडायचं कबूल केलं होतं. कॅम्पात एक रीत आहे. जो कायमचा जातो तो आपलं सामान वाटून जातो. काकांच्या वाटपाच्या दिवशी बाबा मला घेऊन गेले होते. काकांनी गादी एकाला दिली, कुकर दुसऱ्याला, बादलीवरून तर दोघांचं भांडणच जुंपलं.

"पहाडी, परत आलास तर जमिनीवर झोपावं लागेल हां," कोणीतरी म्हणालं.

"परत येईल तो दुसरा कोणी," काका म्हणाले. "आपलं खलास." आणि माझ्याकडे वळून, "परीक्षा संपली की ये. पहिला पाहुणा तू."

गावाहून त्यांनी बोटाएवढ्या पिल्लांनी भरलेल्या टबाचा फोटो पाठवला. नंतर काहीच नाही. माझी परीक्षा संपली. फोन लागेना. बाबा म्हणत, डोंगरात नेटवर्क नसतं. आई म्हणे, "आपल्या हातून काही चुकलं का रे?" मी निघायची तारीख पुढे ढकलत राहिलो, आणि मग ती ठरवायचंच सोडून दिलं.

मागच्या आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला. वरच्या रस्त्याचं मध्ये थांबलेलं काम पुन्हा सुरू झालंय, तो म्हणाला. एका दुपारी ओढ्याचं पाणी चहासारखं झालं. काका आत उतरून पिल्लं ओंजळीत धरून बाजूच्या झऱ्याच्या स्वच्छ पाण्यात नेऊन सोडत होते, पण ती पोट वर करून तरंगायची. अंधार पडल्यावर भावाने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

"त्यांना फोन द्या ना," मी म्हणालो.

"इथे नाही तो. कुवेतला गेला, एसीच्याच कामावर. दोह्याची कंपनी पुन्हा घ्यायला तयार होती. म्हणाला, सगळं वाटून आलोय, आता कोणत्या तोंडाने जाऊ. तुम्हाला कळवू नको, असंही बजावून गेलाय."