फरशीवर आखलेली आठ माणसं

तंबूच्या दुकानातल्या बाईंना मी ओळखत होतो, असं म्हणायची माझी हिंमत नाही. आमच्या भेटी दोन. सगळं मिळून फार तर दीड तास. त्यांचं नावसुद्धा त्या गेल्यावर कळलं. दुकान त्यांच्या पुतण्याचं. तो त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून नोकरमाणसं, गिऱ्हाइकं सगळेच आत्या म्हणायचे. मी मात्र तेवढंही म्हणू शकलो नाही. 'अहो' म्हणून वेळ मारून नेली.

परवा पुतण्याने फोन करून सांगितलं, आत्यांवर ज्यांनी ज्यांनी दोन ओळी लिहून दिल्या त्या तो एकत्र बांधून ठेवणार आहे. मला लिहायची सवय नाही. मी जन्मभर पाण्याचे मीटर वाचले. दार उघडायचं, आकडा टिपायचा, निघायचं. हजारो घरांत गेलो, पण कुणाच्या घरात काय चाललंय हे मला कधी कळलं नाही. खुद्द माझ्या घरातसुद्धा नाही. म्हणूनच आत्यांनी केलं ते सांगावंसं वाटतं.

माझे दोन मुलगे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सांगायला लाज वाटते. जेवताना थोरल्याने धाकट्याच्या नव्या नोकरीची चारचौघांत थट्टा केली, धाकटा ताट सरकवून उठला, संपलं. मग निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. "बाबा, त्याला सांगा" हे शब्द दोन्हीकडून ऐकायचे आणि पोचवायचे. शेवटी आमच्या हिने हट्टच धरला. तिच्या सत्तरीला काही नको, सगळ्यांनी मिळून दोन दिवस तलावाकाठी तंबूत राहायचं. आणि तंबू एकच हवा. दोन तंबू लागले तर मी येणारच नाही, म्हणाली. दोघे हो म्हणाले, पण कसनुशा तोंडाने. तंबू आणायचं काम माझ्यावर आलं.

मी दुकानात गेलो आणि पुतण्याला म्हणालो, "आठ माणसं आहेत. आठ जणांचा द्या."

त्याने लगेच एक पिशवी पुढे केली. "हा घ्या काका. हवा भरली की आपोआप उभा राहतो. एकटा माणूस दहा मिनिटांत काम उरकतो. मध्ये पडदा, दोन बाजूंना दोन दारं. कुणाला कुणाचा त्रास नाही."

मला बरं वाटलं. कुणाला कुणाचा त्रास नाही, हेच तर मला हवं होतं. मी मान डोलावणार तेवढ्यात मागच्या खोलीतलं शिलाईचं मशीन थांबलं.

"आठ म्हणजे कोण कोण?" आतून आवाज आला.

"झालं," पुतण्या हळूच म्हणाला. "काका, आता तासाची निश्चिंती."

आत्या दारात आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बोटात शिवणकामाचं पितळी अंगुस्तान. त्यांनी मला आत बोलावलं. खोलीभर स्वच्छ गुळगुळीत फरशी, एका कोपऱ्यात मशीन, भिंतीला लागून कापडाच्या गुंडाळ्या. त्यांनी माझ्या हातात खडू दिला.

"पिशवीवर आठ लिहिलंय ते काडेपेटीतल्या काड्यांसारखी झोपणारी आठ. आपली माणसं तशी झोपत नाहीत. आखा बघू. कोण कुठे झोपणार, आणि कसं."

मी खाली बसलो. दोन नाती आखल्या. सुना आखल्या. मग दोन मुलांपाशी अडलो.

"थोरला कसा झोपतो?" आत्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. धाकट्याचंही नाही. शेवटी घरी फोन लावला.

"एका घरात इतकी वर्षं काढली, एवढंही बघितलं नाहीत?" ही एवढ्या मोठ्याने म्हणाली की आत्यांनाही ऐकू गेलं. "थोरला पालथा, हात फेकून. धाकटा गुडघे पोटाशी घेऊन. आणि स्वतःचं काय सांगितलंत? तुम्ही घोरता, तेही लिहून घ्या म्हणावं!"

"घोरण्याला वेगळी जागा लागत नाही," आत्या गंभीरपणे म्हणाल्या. पुतण्या दारात उभा राहून हसत होता.

मी आखून संपवलं. थोरला एका टोकाला, भिंतीला चिकटून. धाकटा दुसऱ्या टोकाला. मधे आम्ही सहा जण. मुद्दाम केलं नव्हतं, हात आपोआप तसा गेला. आत्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिल्या. मी त्यांना भांडणाचं अवाक्षरही सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

"मुलांची उंची?"

"दोघेही सहा फुटांच्या आसपास."

त्यांनी ओलं फडकं घेतलं, दोन्ही टोकांचे दोघे पुसले, आणि बरोब्बर मध्ये, एकमेकांशेजारी पुन्हा आखले. एक पालथा, एक मुटकुळं करून. "छत टोकांना उतरतं. उंच माणसाचे पाय कापडाला लागले की दव आत झिरपतं. उंच माणसं मध्ये."

मग त्यांनी वरच्या फळीवरून एक जाडजूड गाठोडं काढायला लावलं. जुन्या पद्धतीचा सुती तंबू. दोन उभे खांब, वर एक आडवा दांडा, एकच दार.

पुतण्याने कपाळाला हात लावला. "आत्या, अगं हा एकट्याने उभा राहत नाही! दोन माणसांनी एकाच क्षणी उचलावा लागतो. म्हणून तर कुणी घेत नाही."

"यांच्याकडे आहेत की दोन," आत्या म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या.

घरी तंबू बघून दोन्ही मुलांनी नाकं मुरडली. "बाबा, हे काय उचलून आणलंत?" तीन वर्षांत प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं, पण तेही वेगवेगळं माझ्याच कानात सांगितलं.

तलावाकाठी दुपारी वारा होता. कापड जमिनीवर पसरलं, दोघे दोन बाजूंनी खाली शिरले, एकेका खांबापाशी. बाहेरून फक्त दोन फुगवटे हलताना दिसत होते. थोरल्याने उचललं तेव्हा धाकट्याने उचललं नव्हतं. सगळं कोसळलं. दुसऱ्यांदा उलटं झालं.

"बाबा, त्याला सांगा, घाई नको!" एका फुगवट्यातून आवाज आला.

मी सांगितलं. माझा आवाज मुळातच बारीक, त्यात वारा. दुसऱ्या फुगवट्याला काही ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा काही नाही. आता निरोप पोचवणारा कुणी उरलाच नव्हता.

मग कापडाखालून धाकट्याचा आवाज आला, "दादा! तुझी बाजू खाली गेलीय!"



"दिसतंय मला," थोरला म्हणाला. "तीन म्हटल्यावर उचल. आणि तीनच्या आधी उचललंस तर बघ."

"तू नीट मोज आधी!"

एक, दोन, तीन. आणि ते एवढं मोठं कापड एकदम वर गेलं. मी आयुष्यात बरंच काही उभं राहताना पाहिलं आहे, पाण्याच्या टाक्या, इमारती. पण तसं काही नाही. नाती तोंड उघडून बघत राहिल्या, आणि मीही.

"रडता काय, खुंट्या ठोका," ही म्हणाली आणि हातोडी माझ्या हातात दिली. तिचाही आवाज नेहमीचा नव्हता.

आत गेलो. कापडातून गाळलेलं पिवळसर ऊन सगळीकडे पसरलं होतं. सतरंज्या घातल्या तर आठ जणांना जागा बरोबर पुरली, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. मध्ये दोघे उंच. दार एकच, त्यामुळे बाहेर जायचं तर एकमेकांचे पाय ओलांडायचे, आणि ओलांडताना काहीतरी बोलायचं. आत्यांनी आपलं गाव सोडून कधी तलाव पाहिला होता की नाही कोण जाणे. पण आम्ही तिथे कसे असू, हे त्यांनी फरशीवर आधीच पाहून ठेवलं होतं.

की त्या खरंच फक्त दवाबद्दल बोलत होत्या? हे मला आजही माहीत नाही.

महिन्याभराने तंबू घेऊन पुन्हा गेलो. दोर ओवायच्या एका कडीपाशी शिवण उसवली होती. दवाचं ते विचारायचं ठरवूनच गेलो होतो. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. आत्यांनी दोऱ्याला मेण लावलं, चार टाके घातले, दाताने दोरा तोडला. मी विचारण्याऐवजी तंबूची घडी घालायला लागलो.

"घडी घालताना कडी आतल्या बाजूला घ्यायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा उसवेल."

"दोघांनाही सांगतो."

"एकालाच सांगा. तो दुसऱ्याला सांगेल."

"बरं," मी म्हणालो.